जुनी कॅसेट, नवा अल्बम : महाड-पोलादपूर परिसरातील इलेक्ट्रॉनिक लोकगीतांचा आढावा

सिंथेसायझर, ऑक्टापॅड आणि ॲम्प्लिफायरला जोडलेला बेंजो या तीन वाद्यांवर उभे राहिलेले गाणे महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गेली तीन-चार दशके ऐकले जाते. गौरी-गणपतीतली जाखडी, २० मार्चच्या, म्हणजे चवदार तळे सत्याग्रहदिनाच्या, आगेमागे घुमणारी भीमगीते आणि हळदीला वाजणारी कोळी-आगरी गाणी या त्याच्या तीन मुख्य शाखा. शब्द निराळे, श्रोते निराळे, प्रसंग निराळे. वाद्यमेळ मात्र जवळजवळ एकच. तिन्ही शाखांच्या श्रोत्यांत एक वाद नेमाने चालतो. जुन्या कॅसेटमधले गाणे सरस, की त्याच गायकाने किंवा त्याच्या पुढच्या पिढीने काढलेल्या नव्या अल्बममधले? सिंथेसायझरवर वाढलेल्या युरोपीय बँडांचे चाहतेही याच प्रश्नावर भांडतात. कोकणातल्या या वादाला मात्र स्वतःची कारणे आहेत. ती वाद्यांत आहेत, कॅसेटच्या धंद्यात आहेत आणि सर्वांत जास्त गाणे ज्या तिथीला वाजते त्या तिथीत आहेत.

परिसर आणि श्रोता

सावित्रीच्या खोऱ्यातले हे दोन तालुके रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. मुंबई-गोवा महामार्ग महाडवरून पोलादपूरला येतो. तेथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते आणि महामार्ग कशेडी घाटाने खेडकडे उतरतो. शेती पावसाळी आणि तुटपुंजी, त्यामुळे घरटी एखादा माणूस मुंबईत हे इथले जुने गणित. गिरण्यांच्या काळात हा चाकरमानी लालबाग-परळच्या खोलीत राहिला, पुढे तो उपनगरांत गेला. गणपती, शिमगा आणि लग्नसराई या तीन हंगामांत तो गावी परततो.

गाण्याच्या दृष्टीने ही ये-जा महत्त्वाची ठरली. गाणे बांधणारा शाहीर गावचा, सराव मुंबईच्या खोलीत, ध्वनिमुद्रण मुंबईच्या स्टुडिओत आणि श्रोते पुन्हा गावात, अशी साखळी तयार झाली. शहरात आलेले नवे वाद्य एकदोन हंगामांत वाडीवर पोचे ते याच वाटेने. कोकणातील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशीही संबंध होता. तिकडून आलेले टू-इन-वन हे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे कित्येक घरांतले पहिले ध्वनियंत्र ठरले.

वाद्ये

तिन्हींपैकी वयाने मोठा बेंजो. अमेरिकी बँजोशी त्याचा संबंध फक्त नावापुरता आहे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. तारांवर टंकयंत्रासारख्या कळा बसवलेल्या, एका हाताने कळ दाबायची आणि दुसऱ्या हातातल्या नखीने तार छेडायची. हे वाद्य भारतात बुलबुलतरंग म्हणून रुळले. मुंबई, ठाणे आणि रायगडमध्ये त्याला बेंजो म्हणतात. तारेखाली पिकअप बसवून तो ॲम्प्लिफायरला जोडला की त्याचा आवाज ताशा-ढोलांच्या गदारोळातूनही वर येतो. गल्लीतल्या मिरवणुकीत सनई किंवा क्लॅरिनेटची जागा त्याने घेतली, ती या खणखणीतपणामुळे. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ हा २०१६ चा हिंदी चित्रपट मुंबईतल्या अशाच वादकांवर बेतलेला आहे.

सिंथेसायझरचा प्रवास लांबचा. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपला पहिला सिंथेसायझर मांडला आणि १९७० मध्ये मिनीमूग हे सुटसुटीत रूप बाजारात आले. हिंदी चित्रपटसंगीतात ते आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड हे अग्रणी. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत दहा राग सिंथेसायझर आणि तालयंत्रावर वाजवून एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. तेव्हा ती फारशी कोणाच्या कानावर गेली नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि शिकागोत जन्मलेल्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून जगभरच्या श्रोत्यांनी तिची दखल घेतली. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी पद्धत रूढ झाली. हे महागडे नमुने मुंबईच्या स्टुडिओंत राहिले. खेड्यापाड्यांत पोचला तो कॅसिओ आणि यामाहाचा स्वस्त की-बोर्ड.

वाद्यमेळ चालवणाऱ्याला या की-बोर्डने दोन मोठ्या सोयी दिल्या. पहिली म्हणजे ट्रान्सपोजचे बटन. एक गायक काळी दोनमध्ये गातो, दुसरी गायिका काळी पाचमध्ये. पेटीवर पट्टी बदलली की बोटांची सगळी ठेवण बदलते. इथे बटन दाबले की तीच बोटे चालतात. दुसरी सोय प्रवासाची. क्लॅरिनेट, व्हायोलिन, पेटी आणि सनई यांचे तुकडे एकच वादक वाजवू लागला आणि सारा संच एका जीपमध्ये मावू लागला.

मर्यादाही याच वाद्याने आणल्या. की-बोर्डचे बारा स्वर पक्के बांधलेले असतात. मींड घ्यायची तर डाव्या हाताच्या चाकाने स्वर वाकवावा लागतो आणि तसे करणारे वादक थोडे. पेटीवरचा आक्षेपही हाच होता. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला, त्यामागचे एक कारण तिचे ठरीव स्वर हेच होते. आज जी पेटी ‘अस्सल’ जुन्या वाद्यमेळाची खूण मानली जाते, ती त्या काळी परकी आणि बेसूर म्हणून नाकारली गेली होती. वाद्याच्या नवेपणावरचा राग किती टिकतो, हे पारखण्यासाठी हा इतिहास उपयोगी पडतो.

ऑक्टापॅड हे रोलँड कंपनीचे १९८५ चे वाद्य. काडीने वाजवायचे आठ चौकोनी पॅड, म्हणून हे नाव. पहिल्या नमुन्यात स्वतःचा आवाज नव्हता. पॅडवर पडलेला ठोका जोडलेल्या दुसऱ्या यंत्राला कळे आणि आवाज ते यंत्र काढी. पुढच्या एसपीडी मालिकेत आवाज वाद्यातच आले आणि मंडळांची सोय झाली. ढोलकी, ताशा, हलगी, टाळ्या, काच फुटल्याचा आवाज, जे हवे ते आठ पॅडांवर. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा मात्र त्यात येत नाही. मनगटाच्या दाबाने तो स्वर वर-खाली सरकतो. पॅड प्रत्येक ठोक्याला तोच मुद्रित नाद परत देतो. म्हणूनच जाणती मंडळे ऑक्टापॅडशेजारी खरी ढोलकी ठेवतात. की-बोर्डमधले तयार ताल जाखडीला जुळत नाहीत. नाच शेवटाकडे चढत्या लयीत जातो आणि यंत्राचा ताल ठरल्या गतीला चिकटून राहतो. हाताने वाजणारा ऑक्टापॅड टिकला आणि की-बोर्डचा तयार ताल मागे पडला, तो या फरकाने.

कॅसेटचा काळ

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात सर्वदूर पसरली ती १९८०च्या दशकात. त्याआधी ध्वनिमुद्रणाचा धंदा बहुतांशी एचएमव्हीच्या हाती होता. तबकडी दाबायला कारखाना लागे, त्यामुळे खप भरपूर असेल तेच मुद्रित होई. कॅसेटची नक्कल थोड्या भांडवलात होई. टी-सिरीज आणि व्हीनस यांसारख्या कंपन्या वाढल्या, तशाच एखाद्या जिल्ह्यापुरत्या किंवा जातसमूहापुरत्या विकणाऱ्या छोट्या कंपन्याही उभ्या राहिल्या. अमेरिकी संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युअल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल मांडला. एका केंद्रातून येणाऱ्या गाण्याऐवजी अनेक बोलींतली, अनेक समूहांची गाणी बाजारात आली, हा त्यांचा निष्कर्ष महाराष्ट्रालाही लागू पडतो.

कॅसेटने गाण्याचा आकारही ठरवला. साठ मिनिटांच्या कॅसेटला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बाजू. एका बाजूला चार-पाच गाणी बसत. रात्रभर चालणाऱ्या सवाल-जवाबाचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे झाले. पहिल्या बाजूचे पहिले गाणे सर्वांत जोरकस ठेवायचे, कारण दुकानदार तेच वाजवून दाखवी. स्टुडिओचे भाडे तासावर असे. त्यामुळे आधी सगळे वाद्यसंगीत एकदाच मुद्रित करून त्यावर गायकाचा आवाज चढवण्याची रीत पडली. की-बोर्डवादकाला त्यामुळे संगीत संयोजकाचे महत्त्व आले. आज श्रोते ज्याला ‘जुना, मूळ आवाज’ म्हणतात तो या स्टुडिओत घडला. प्रतिध्वनीचे यंत्र लावलेला गळा, की-बोर्डवरचे व्हायोलिन, टेपची बारीक सरसर. म्हणजे ज्याच्या नावाने नव्या अल्बमला नावे ठेवली जातात, तो जुना नादही इलेक्ट्रॉनिकच होता.

भीमगीते आणि २० मार्च

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झालेल्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते, पण प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांना पाणी मिळत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला भरलेल्या परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

या चळवळीचे गाणे आधी जलशातून आले. सत्यशोधक जलशांच्या वळणावर १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि पेटी एवढाच त्यांचा वाद्यमेळ. पुढच्या टप्प्यात वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते लिहिली आणि गावोगाव गायली. त्याच सुमारास कव्वालीच्या धर्तीवर दोन गायकांचे मुकाबले रंगू लागले. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) हे त्यातले मोठे नाव. विठ्ठल उमप यांनी लोकगीत, कव्वाली आणि भीमगीत या तिन्हींत संचार केला. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला कार्यक्रमातच त्यांचे निधन झाले.

कॅसेटच्या काळात प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद पुढे आले. १९८०च्या दशकात आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गाणे गावोगावच्या लाउडस्पीकरवर वाजले आणि त्याच गळ्याला भीमगीतांचा मोठा बाजार मिळाला. तिसऱ्या पिढीतले आदर्श शिंदे चित्रपटगीते आणि भीमगीते दोन्ही गातात. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने तुलना आपोआप होते. आजोबांचा उघडा, वरच्या पट्टीतला पहाडी आवाज आणि मोजका वाद्यमेळ, मुलांच्या कॅसेटीतला की-बोर्ड आणि ऑक्टापॅड, नातवाच्या ध्वनिमुद्रणातला आजच्या चित्रपटगीताचा भरगच्च नाद. ज्येष्ठ श्रोत्यांची तक्रार एकच असते, शब्द ऐकू येत नाहीत. भीमगीतात ही तक्रार वरवरची नाही. हे गाणे इतिहास सांगते. कोणते तळे, कोणती तारीख, कोण सोबत होते, हे शब्दांतून कळले नाही तर गाण्याचे मुख्य काम अडते. तरुणांचे म्हणणे वेगळे. मिरवणुकीत हजारो माणसे चालताना बारकावे कोणालाच ऐकू येत नाहीत; तिथे ठेका आणि ध्रुवपद पुरे.

दोन्ही बाजू आपापल्या प्रसंगापुरत्या बरोबर आहेत. २० मार्चला महाडमध्ये येणारा समुदाय दिवसा क्रांतिस्तंभ आणि तळ्याच्या परिसरात पुस्तके, प्रतिमा आणि गाणी विकत घेतो. रात्री मंचावरचे गायन बसून ऐकले जाते. बसून ऐकायचे गाणे आणि चालत ऐकायचे गाणे असे दोन वर्ग पडले आहेत आणि एकच रचना दोन्ही वर्गांत दोन वाद्यमेळांनी वावरते. वामनदादांची गीते दर पिढीत नव्याने मुद्रित होतात, कारण १४ एप्रिल, २० मार्च, विजयादशमी आणि ६ डिसेंबर हे दिवस दरवर्षी येतात. दिवसाला लागणारे गाणे जगते. तिथीशी न जोडलेली कितीतरी चांगली गाणी एका हंगामानंतर दिसेनाशी झाली.

जाखडी आणि शक्ती-तुरा

जाखडी, म्हणजेच बाल्या नाच, हा दक्षिण रायगड आणि रत्नागिरीचा गौरी-गणपतीतला नाच. पायात घुंगरू बांधलेले नर्तक गोल धरतात. परंपरेने वादक आणि गायक त्या गोलाच्या मध्यभागी बसतात. शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष असतात. शक्तीवाला आदिमायेचा पक्ष घेतो, तुरेवाला शिवाचा. पेशवाईतल्या कलगी-तुऱ्याची ही कोकणी शाखा. गणाने सुरुवात, मग गौळण, मग पुराणकथांवरचे सवाल-जवाब आणि प्रतिपक्षाला चिमटे. शाहीर आपल्या गुरूचे आणि घराण्याचे नाव गाण्यात गुंफतो.

विजेच्या वाद्यांनी इथे मांडणीच बदलली. वायर, स्पीकर आणि मायक्रोफोन यांमुळे वादक गोलाच्या मध्यातून उठून मागे किंवा बाजूला गेले. मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून सामने होऊ लागल्यावर तर प्रेक्षक एकाच बाजूला बसू लागले. गोल अर्धगोल झाला, पोशाख एकसारखे आणि चमकते झाले. घुंगरांचा आवाज पूर्वी तालाचा कणा होता. ऑक्टापॅडपुढे तो दबू लागला, तेव्हा काही मंडळांनी नर्तकांच्या पायाशी मायक्रोफोन ठेवण्याचा मार्ग काढला.

जाखडीच्या श्रोत्यांचा नव्या-जुन्याचा वाद भीमगीतांहून निराळा आहे. इथे दर हंगामाला नवी गाणी बांधायचीच असतात, कारण प्रतिपक्षाला जुना सवाल टाकून चालत नाही. त्यामुळे शाहिराची ‘जुनी गाणी’ बाजारात कमी आणि त्याच्या वहीत जास्त. वही शिष्याकडे जाते. जुने पद नव्या मंचावर आले तर ते गुरूचे स्मरण म्हणून येते. वाद होतो तो चालींवर. चालू चित्रपटगीताची चाल उचलली की तरुण लगेच ठेका धरतात. जाणत्यांना त्यात शाहिराचा आळस दिसतो. लोकशाहिरीत उसन्या चाली नव्या नाहीत. नाटकातली, लावणीतली, भजनातली चाल शाहिरांनी पूर्वीही घेतली. फरक असा, की पूर्वी चाल गळ्यातून गळ्यात येताना बदले. की-बोर्डवादक आता मूळ गाण्याच्या वाद्यखंडांसकट ती उतरवतो, त्यामुळे उसनवारी उघडी पडते.

हळद आणि वरात

तिसरी शाखा मुख्यतः नाचण्याची. किनारपट्टीवरची कोळीगीते आणि उत्तर रायगडची आगरी गाणी महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांत पोचली ती कॅसेटमधून. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेली कोळीगीते रेडिओवर आधीच परिचित होती. वेसावच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या कॅसेटींनी कोळीवाड्याचा स्वतःचा आवाज आणि बेंजो-की-बोर्डचा ठेका घरोघर नेला. एकामागून एक न थांबता वाजणाऱ्या गाण्यांची कॅसेट ही हळदीच्या रात्रीची गरज होती. दोन गाण्यांमधली शांतता नाच मोडते.

शहरी मराठी पॉपही याच काळात आले. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ हा संयत, बसून ऐकायचा अल्बम. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचे २००२ चे ‘ऐका दाजीबा’ लोकगीताच्या बोलीला सिंथेसायझरचा ठेका देणारे. दुसरे वरातीच्या वाद्यमेळात लगेच शिरले, पहिला खोलीत राहिला. पुढे अजय-अतुल यांनी चित्रपटगीतांत ढोल-ताशा आणि मोठा वाद्यवृंद एकत्र आणला. ‘सैराट’ (२०१६) च्या संगीतासाठी त्यांनी अमेरिकेतल्या स्टुडिओत पाश्चात्त्य वादकांचा ताफा वापरला. गावच्या बेंजो पार्टीने तीच गाणी पुन्हा पाच-सहा वादकांवर उतरवली. या शाखेत जुन्याचे प्रेम फारसे वादाचे होत नाही. जे नाचवते ते राहते, हा निकष सर्वांना मान्य असतो.

वादाचे मुद्दे

तिन्ही शाखांतल्या चर्चा एकत्र पाहिल्या तर चार मुद्दे सुटे करता येतात. पहिला शब्दांच्या स्पष्टतेचा. तो वाद्यांचा दोष नसून मिश्रणाचा आहे. १९८०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात गळा बराच पुढे ठेवला जाई. आजच्या मिश्रणात खर्ज आणि ठेका पुढे असतो, कारण गाणे मोठ्या स्पीकरवर वाजणार हे धरलेले असते. दुसरा मुद्दा आवाजाच्या वारशाचा, पुढच्या पिढीने आधीच्या पिढीचे गाणे कितपत बदलावे याचा. तिसरा चालीच्या मालकीचा. चौथा आवाजाच्या मोठेपणाचा, म्हणजे डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीचा.

चौथ्याबाबत कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. साधा बेंजो संचही जवळून मोजला तर ५५ च्या वर जातो. त्यामुळे वाद फक्त डीजेपुरता राहत नाही, पारंपरिक म्हणवणारा वाद्यमेळही त्यात येतो.

नव्या-जुन्याच्या मूळ वादाकडे परतताना युरोपशी तुलना उपयोगी आहे. जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० मध्ये स्थापन झालेल्या क्राफ्टवेर्क या बँडने १९९१ मध्ये ‘द मिक्स’ हा अल्बम काढला. त्यात स्वतःचीच जुनी गाणी नव्या डिजिटल यंत्रांवर पुन्हा घडवली होती. जुन्या यंत्रांचा ऊबदार नाद हरवला, असे काही चाहते म्हणाले. गाणी यंत्रांसोबत बदलणे हाच या बँडचा धर्म, असे इतर म्हणाले. डेपेश मोडचा २०२३ चा अल्बम किंवा पेट शॉप बॉइजचा २०२४ चा अल्बम आला तेव्हाही प्रत्येक नव्या गाण्याला चाळीस वर्षांच्या जुन्या गाण्यांशी ताडून पाहिले गेले. तिथे हा वाद नोंदीवर उभा असतो. प्रत्येक अल्बमचे वर्ष, वादक, यंत्रे आणि आवृत्त्या छापलेल्या असतात. कोकणातल्या कॅसेटच्या वेष्टनावर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे असत. की-बोर्ड आणि ऑक्टापॅड कोणी वाजवला, हे क्वचितच असे आणि वर्षही पुष्कळदा नसे. ‘जुने’ म्हणजे नेमके कधीचे, हे ठरवताना श्रोते कोणाचे लग्न, कोणता गणपती अशा आठवणींवर अवलंबून राहतात.

हक्क

जुनी गाणी नव्याने गाण्याला कायद्याची चौकट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका सवलतीचा आधार घेऊन कॅसेट कंपन्यांनी गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. २०१२ च्या दुरुस्तीने त्या जागी कलम ३१सी आणले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय नवी आवृत्ती काढता येत नाही. मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र दिशाभूल होईल अशा रीतीने वापरता येत नाही आणि किमान पन्नास हजार प्रतींइतके स्वामित्वधन आगाऊ द्यावे लागते. ही अट मोठ्या कंपनीला परवडते, गावच्या मंडळाला नाही.

ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९८७ मध्ये निघालेल्या कॅसेटवरचा हक्क त्यामुळे २०४७ अखेर संपेल. छोट्या कंपन्यांपैकी अनेक बंद पडल्या. हक्क कोणाकडे आहे हे कळत नाही, तरी हक्क संपलेला नसतो. आज जुनी कॅसेटगाणी इंटरनेटवर सापडतात ती बहुधा श्रोत्यांनीच चढवलेली. जतनाच्या दृष्टीने हे काम मोलाचे, कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना आहे.

जतन

महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कॅसेटच्या फितीवरचा चुंबकीय थर दमट हवेत खराब होतो आणि फितीवर बुरशी धरते. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि घरे-दुकाने बुडाली. अशा ठिकाणी फितीवरचा साठा आपोआप टिकणार नाही.

फीत डिजिटल करणे वेळखाऊ आहे, कारण साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटेच वाजवावी लागते. आधी वाजवणाऱ्या यंत्राचे हेड स्वच्छ करून फितीच्या कोनाशी जुळवावे लागते. कोन चुकला की वरचे स्वर मंद होतात आणि ही चूक पुढे कोणत्याही संगणकाने पूर्ण दुरुस्त होत नाही. सेल उतरलेल्या यंत्रावर मुद्रित झालेल्या फितीची गतीही तपासावी लागते, नाहीतर काळी दोनचे गाणे काळी तीनमध्ये ऐकू येते आणि गायकाच्या गळ्याबद्दल चुकीचे मत बनते. जतनासाठी ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही जगभरच्या ध्वनिसंग्रहांनी मानलेली पातळी आहे. ऐकण्यासाठी त्यातून लहान प्रत काढता येते. गाण्यासोबत वेष्टनाचे छायाचित्र, वादकांची नावे आणि गाणे कोणत्या प्रसंगी वाजे याची नोंद ठेवली, तरच पुढचा श्रोता दोन आवृत्त्यांची खरी तुलना करू शकेल.

भीमगीतांच्या बाबतीत हे काम थोडे सोपे आहे. गीतकारांचे संग्रह छापले गेले आहेत आणि गायकांची नावे सर्वज्ञात आहेत. हळदीच्या गाण्यांचा साठा मोठा, पण त्याच्या प्रती पुष्कळ, त्यामुळे तो एकदम नष्ट होण्याचा धोका कमी. सर्वांत जोखमीची जागा जाखडीची. तिथे छापील संग्रह कमी, कॅसेटच्या प्रती थोड्या, बहुतेक रचना शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांत आणि त्यांतल्या सवाल-जवाबांचा अर्थ समोरच्या पक्षाचे गाणे सोबत असल्याशिवाय लागत नाही. शक्ती आणि तुरा या दोन्ही बाजूंच्या वह्या आणि एकाच रात्रीच्या दोन्ही पक्षांच्या फिती एकत्र नोंदवल्या, तर या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक लोकगीताचा सर्वांत अपुरा भाग भरून निघेल.